ऐकणारा उजेड

गोंधळाच्या संचात मुख्य गोंधळी आख्यान लावतो. एकाच्या कमरेला संबळ असतो, एकाच्या हातात तुणतुणे. उरलेला माणूस काही वाजवत नाही. त्याच्या हातात पेटती दिवटी असते. तो गर्दीत मागे उभा राहत नाही, वादकांच्या शेजारीच असतो. आख्यान सरकते तसा सरकतो, थांबते तेव्हा थांबतो. आजच्या भाषेत सांगायचे तर या बँडने आपला लाइटवाला शेकडो वर्षांपूर्वीच संचात घेतला. जगातल्या मोठमोठ्या रंगमंचांना हे सुचायला विसावे शतक उजाडावे लागले.

परभणीहून जिंतूरकडे जाताना बोरी हे गाव लागते. या मुलखाच्या आसपास देवीची मोठी ठाणी आहेत: माहूरची रेणुका, अंबाजोगाईची योगेश्वरी आणि तुळजापूरची भवानी. घरात लग्न झाले किंवा नवस फिटला की अंगणात गोंधळ घालायची रीत इथे जुनी. पाटावर नवा खण, त्यावर धान्याची रास, कलश, नारळ, विडे असा चौक मांडतात. दिवटी पेटते आणि गोंधळी ठिकठिकाणच्या देवदेवतांना नाव घेऊन बोलावतो. आवाहनाचा हा पूर्वरंग. त्यानंतरच्या उत्तररंगात आख्यान, म्हणजे गोष्ट. परभणीच्या राजारामभाऊ कदमांचे नाव महाराष्ट्रातल्या गोंधळाच्या रसिकांना ठाऊक आहे. या जिल्ह्यात ही कला पाहुणी म्हणून आलेली नाही.

गोष्टीचा सांगाडा ठरलेला असतो, बाकी काहीच ठरलेले नसते. मुख्य गोंधळी एखादा प्रसंग पाच मिनिटांत उरकेल किंवा अर्धा तास लांबवेल. साथीदार मध्येच शंका काढतो, खोडी काढतो. यजमानाचे नाव, गावातला ताजा विषय, समोर पेंगणारा पाहुणा, सगळे गोष्टीत येते. संबळवाला बोलण्याच्या ओघावर ठेका बदलतो. पुढच्या मिनिटाला काय होणार हे गाणाऱ्यालाही पुरते माहीत नसते. नाटकात प्रकाशयोजनेची वही असते: अमुक वाक्य आले की तमुक दिवा. इथे वाक्यच ठरलेले नाही. मग उजेडाला कसे कळते, कधी काय करायचे?

आगीची चार बटणे

दिवटी हे साधन दिसते साधे. धातूच्या दांड्याला वर चिंध्यांचा घट्ट बोळा आणि जवळ तेलाची बुधली. मराठवाड्यात हे तेल बरेचदा करडईचे. परभणीच्या कृषी विद्यापीठातून आलेल्या करडईच्या एका वाणाचे नावच ‘परभणी कुसुम’ आहे, यावरून या पिकाचे इथले स्थान लक्षात यावे. पण भौतिकशास्त्राच्या नजरेने पाहिले, तर दिवटीचा उजेड चार गोष्टींनी ठरतो.

पहिली अंतर. दिवा दोन मीटरवरून एक मीटरवर आणला, तर चेहऱ्यावर पडणारा उजेड दुप्पट होत नाही, चौपट होतो. अर्ध्या मीटरवर आणला तर सोळापट. प्रकाश अंतराच्या वर्गाच्या प्रमाणात पातळ होत जातो, म्हणून एवढा फरक. म्हणजे दिवटीवाल्याचा डिमर त्याच्या पायांत आहे. तो दोन पावले पुढे सरकला की गोंधळ्याचा चेहरा उजळतो. मागे हटला की तो चेहरा अंगणातल्या अंधारात विरघळतो. हा डिमर कुठल्याही तारेविना चालतो आणि त्याला उशीर म्हणून होत नाही.

दुसरी उंची. दिवटी डोक्यावर धरली की सावली पायाशी गोळा होते. कमरेखाली आणली की चेहऱ्यावरच्या सगळ्या सावल्या उलट्या होतात, भुवयांच्या वर अंधार बसतो आणि ओळखीचा माणूस अनोळखी दिसू लागतो. मागची भिंत आगीपासून चार मीटरवर आणि गोंधळी एक मीटरवर असेल, तर भिंतीवरची त्याची सावली त्याच्या चौपट. राक्षसाचे सोंग आणायला वेगळा नट लागत नाही.

तिसरी तेल. बुधलीतून धार सोडली की ज्योत उफाळते. आख्यानात देवी प्रकटण्याची जागा आणि तेल घालण्याची वेळ एकत्र आणणे हे कौशल्य आहे. तेल नुसते इंधन नाही, वेळेवर वापरायची गोष्ट आहे.

चौथी गोष्ट दिवटीवाल्याच्या हातात नाही, आगीच्या स्वभावात आहे. ज्योत पिवळी दिसते ती तिच्यातल्या काजळीच्या तापलेल्या कणांमुळे. या प्रकाशाचे रंगतापमान साधारण 1,900 केल्विन. त्यात निळा जवळजवळ नसतो, तांबडा आणि पिवळा भरपूर. म्हणून हळद, कुंकू, तांबडा खण आणि माणसाचा वर्ण त्यात जिवंत दिसतो, आणि गळ्यातल्या कवड्यांच्या माळेवर प्रत्येक हालचालीला एक ठिणगी उमटते. त्याच कुंकवावर निव्वळ निळा दिवा टाका, ते काळे दिसेल. कुंकू परत पाठवते तो तांबडा प्रकाश. तो दिव्यातच नसेल तर परत पाठवायला काही उरत नाही.

ज्योत स्थिरही नसते. गरम हवा वर जाते, बाजूची थंड हवा आत शिरते आणि ज्योतीचा आकार ठरावीक चालीने फुगतो-आखडतो. या चालीचे गणित आगीच्या रुंदीवरून मांडता येते. पाच ते दहा सेंटीमीटर रुंदीची आग सेकंदाला साधारण पाच ते सात वेळा थरथरते. आता मिनिटाला 120 मात्रांची लय घ्या आणि प्रत्येक मात्रेत तीन घाव मोजा. सेकंदाला सहा घाव होतात. संबळाची दाट लय आणि दिवटीची थरथर एकाच पट्ट्यात येतात. हा योगायोग आहे. पण नाचणारी ज्योत आणि नाचणारा ठेका एकत्र पाहताना अंगावर काटा येतो, त्याला या योगायोगाचाही थोडा हात लागत असावा.

एवढ्याशा आगीने अंगणाचे कसे भागते? त्याचे उत्तर बघणाऱ्याच्या डोळ्यात आहे. एका मेणबत्तीचा एक मीटरवरचा उजेड सुमारे 1 लक्स, पौर्णिमेच्या चांदण्याचा त्याच्या पाव भागाएवढा. आजच्या रंगमंचावर शेकडो लक्स असतात. पण अंधारात गेल्यावर डोळा हळूहळू तीक्ष्ण होत जातो, आणि ही वाढ अर्ध्या तासापर्यंत चालते. गोंधळातले आवाहन लांबते त्यामागचे कारण श्रद्धेचे आहे. मात्र त्या वेळात श्रोत्यांचे डोळे अंधाराला सरावतात आणि आख्यान सुरू होईपर्यंत दिवटी मघापेक्षा प्रखर वाटू लागते. कुणी एक भक्कम दिवा डोळ्यांवर मारला, की ही अर्ध्या तासाची कमाई क्षणात जाते.

उजेड वाढला, कान गेले

पुढे गॅसबत्ती आली. तिची जाळी थोरियम ऑक्साइडची, त्यात जेमतेम एक टक्का सेरियम ऑक्साइड. ऑस्ट्रियाच्या कार्ल आउअर फोन वेल्सबाख यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस हे मिश्रण बसवले. नंतर 1910च्या सुमारास बर्लिनमधून पेट्रोमॅक्स बाजारात आली, आणि रॉकेल व हवेचा दाब यांवर चालणारा हा पांढरा सूर्य तमाशाच्या फडापासून लग्नाच्या वरातीपर्यंत सगळीकडे पोचला. फडाच्या मागच्या माणसालाही नर्तकीचा चेहरा दिसू लागला.

पण गॅसबत्ती खांबाला टांगलेली. ती पुढे-मागे सरकत नाही, आख्यानात दुःख आले म्हणून मंद होत नाही. वीज आल्यावर हेच आणखी पक्के झाले. जिंतूर तालुक्यातच येलदरीला पूर्णा नदीवर धरण झाले, 1968 साली ते पुरे झाले आणि त्याला 22.5 मेगावॅटचे वीजघर जोडलेले आहे. ट्यूबलाइट आली, हॅलोजन आला. उजेड शतपट झाला, पण संगीताशी त्याचे बोलणे थांबले. बटण दाबले की चालू, कार्यक्रम संपला की बंद.

मोठ्या शहरांत रंगमंचाचे दिवे डिमरवर होते, पण ती श्रीमंती गावाला परवडणारी नव्हती. मैफलीतला जुना पार दिवा एकच 1,000 वॅट खाई. तसे आठ लावले, तर 230 व्होल्टवर जवळपास 35 अँपिअर. घरचा मीटर ते सोसत नाही, जनरेटरच हवा. मग एलईडी आली. निळ्या एलईडीसाठी अकासाकी, अमानो आणि नाकामुरा यांना 2014चे नोबेल मिळाले, कारण निळा सापडल्यावरच तांबडा, हिरवा आणि निळा मिळून हवा तो रंग करता येऊ लागला. आठ एलईडी पार मिळून साधारण एक किलोवॅट घेतात, म्हणजे चार-पाच अँपिअर. इस्त्री चालते त्या पॉइंटवर पूर्ण मंच उजळतो. म्हणूनच आज खेड्यातल्या मंडपवाल्याकडेही रंगीत दिव्यांची रांग दिसते.

या दिव्यांना हुकूम देणारी भाषा म्हणजे डीएमएक्स. 1986 साली अमेरिकेतल्या रंगमंच-तंत्रज्ञांच्या संस्थेने ती ठरवली. ती इतकी सरळ आहे की नवल वाटावे. तारेतून 512 आकड्यांची यादी जाते, प्रत्येक आकडा 0 ते 255मधला. यादी संपली की पुन्हा पहिल्यापासून, सेकंदाला जास्तीत जास्त 44 वेळा. एका पार दिव्याने समजा 1 ते 8 हे क्रमांक घेतले. पहिला आकडा एकूण तेज, पुढचे तांबडा, हिरवा, निळा, पांढरा, मग लुकलुक वगैरे. पुढचा दिवा 9पासून. बास, एवढेच व्याकरण.

यात एक गंमत दडली आहे. हे बोलणे एकतर्फी असते. दिवे चालवायचा पाटा दिव्याला सांगतो, दिवा उलट काही सांगत नाही. दिवा बंद पडला, तार निघाली, तरी पाटा आपला आकडे पाठवतच राहतो. या यंत्रणेत ऐकण्याची सोयच नाही. ऐकणारा कुणी असेल, तर तो पाट्यावरच्या फेडरवर, म्हणजे उजेड कमी-जास्त करणाऱ्या सरकत्या बटणावर, बोटे ठेवून बसलेला माणूस.

त्याला डोळ्यांचा स्वभावही ठाऊक हवा. फेडर निम्म्यावर आणला आणि दिवा खरोखर निम्मा प्रकाश देऊ लागला, तरी बघणाऱ्याला तो पाऊणच्या आसपास वाटतो. ‘अर्धा’ वाटायला हवा असेल, तर प्रकाश 18 टक्क्यांवर न्यावा लागतो. म्हणून अनेक दिव्यांत हा वळणदार हिशोब आधीच घातलेला असतो. जिथे नसेल, तिथे सगळी नजाकत फेडरच्या तळाच्या बोटभर जागेत असते. करुण प्रसंग तिथे घडतो.

समेचे गणित

आता मूळ कोड्याकडे: काहीच ठरलेले नसताना उजेडाला वेळ कशी कळते? आवाज ऐकून बोट हलवायला माणसाला साधारण 0.15 सेकंद लागतात. त्यात तारेचे 0.02 सेकंद मिळवा. मिनिटाला 120 मात्रांच्या लयीत एक मात्रा अर्ध्या सेकंदाची. म्हणजे सम, आवर्तनाची पहिली मात्रा, ऐकून बटण दाबणारा दर वेळी मात्रेचा एक तृतीयांश उशिरा पोचतो. संबळाचा ठोका पडून गेलेला असतो आणि उजेड मागून धापा टाकत येतो. ही चूक शेवटच्या रांगेतल्या पोरालाही जाणवते.

तरीही चांगला लाइटवाला नेमका समेवर पोचतो. याचे रहस्य मानसशास्त्राच्या एका साध्या प्रयोगात दिसते. टक-टक वाजणाऱ्या यंत्राबरोबर माणसाला बोट आपटायला सांगितले, तर ते बोट ठोक्यानंतर पडत नाही. बहुतेकांचे सेकंदाचे काही शतांश आधीच पडते. आपण लय ऐकून तिच्यामागे जात नाही, पुढचा ठोका कुठे पडणार याचा अंदाज बांधून तिथे आधीच जाऊन उभे राहतो.

आपल्या संगीताने तर पुढची खबर देण्याची पद्धतच बसवून ठेवली आहे: तिहाई. एक तुकडा तीनदा वाजवायचा आणि तिसऱ्याचा शेवटचा घाव समेवर टाकायचा. केरव्याच्या आठ मात्रांत तीन मात्रांचा तुकडा पहिल्या मात्रेपासून तीनदा वाजवा. तीन त्रिक नऊ, आणि नववी मात्रा म्हणजे पुढच्या आवर्तनाची सम. पहिला तुकडा झाला आणि दुसरा तसाच सुरू झाला, की जाणकाराला कळते, ही तिहाई आहे. तो क्षण चौथ्या मात्रेचा. समेपर्यंत पाच मात्रा शिल्लक, म्हणजे त्या लयीत अडीच सेकंद. प्रतिक्रियेला लागतात 0.15 सेकंद आणि तिहाई देते 2.5. सोळापट सवलत!

तिहाईकडे आपण वादकाची करामत म्हणून पाहतो. ती संचातल्या इतरांना आगाऊ दिलेली सूचनाही आहे. न ठरवलेले संगीत कोसळत नाही, कारण त्यात अशा खुणा पेरलेल्या असतात. आवाज चढू लागला, ठेका दुप्पट झाला, साथीदाराने शेवटचा शब्द उचलला, गोंधळ्याने मान संबळाकडे वळवली. वही नसते, पण खबर असते. तिहाई ओळखणारा दिवटीवाला तेलाची धार सोडायला दुसऱ्या तुकड्यातच बुधली उचलू शकतो. फेडरवरच्या बोटालाही ती संधी तेवढीच खुली आहे.

पाश्चात्त्य जगाने हा प्रश्न दोन टोकांनी सोडवून पाहिला. रशियन संगीतकार स्क्रियाबिन याने 1910 साली आपल्या ‘प्रॉमिथियस’ या वाद्यवृंदाच्या रचनेत प्रकाशासाठी स्वतंत्र ओळ लिहिली, व्हायोलिन-बासरीच्या ओळींच्या वर. माणसांना आग आणून देणाऱ्या देवाची ही रचना प्रकाशासह 1915 साली न्यूयॉर्कच्या कार्नेगी हॉलमध्ये सादर झाली. उजेडाला तिथे वाद्याचा मान मिळाला, पण लिहिलेल्या वाद्याचा. दुसरे टोक 1968पासून त्याच शहरातल्या फिलमोर ईस्ट या नाट्यगृहात दिसले. जोशुआ लाइट शोची मंडळी काचेच्या वाट्यांत रंगीत तेल आणि पाणी घालून, खालून दिवा लावून ते हलवत आणि रॉक बँडच्या मागच्या पडद्यावर त्याची चित्रे पाडत. बँड कुठे वळेल हे त्यांना माहीत नसे, ते वाजवणाऱ्यांसारखेच उत्स्फूर्त चालत. जाहिरातींत त्यांचे नाव बँडच्या नावांसोबत छापले जाई. तेल, उजेड आणि कान असलेला माणूस: अंगणातल्या गोंधळाला यात नवे काही वाटले नसते.

यंत्राचा कान

आज बहुतेक स्वस्त पार दिव्यांच्या पाठीवर ‘साउंड’ नावाची सोय असते. आतला बारका माइक ठोका टिपतो आणि रंग बदलतो. हा कान आवाजाची पातळी ऐकतो, अर्थ ऐकत नाही. संबळाच्या ढोबळ अंगावर घाव पडला की दिवा हिरवा, पुढच्याला जांभळा. आख्यानात कुणाचा मुलगा मेला काय आणि परत उठला काय, त्याला सारखेच. शिवाय तो ठोका पडल्यावर जागा होतो, म्हणजे कायमचा मागे. फटाफट लुकलुकीचा धोका निराळाच. सेकंदाला साधारण 3 ते 30 वेळा होणारी लुकलुक काही माणसांत फेफरे आणू शकते. अंगणात आजीपासून तान्ह्यापर्यंत सगळे बसलेले असतात, तिथे स्ट्रोब बंदच बरा.

छोट्या, ठरवून न वाजवणाऱ्या संचासाठी पाट्याची मांडणीही त्या संचासारखीच करता येते. एक फेडर गाणाऱ्याचा, एक संबळाचा, एक तुणतुण्याचा, एक मागच्या पडद्याचा. चेहऱ्यांसाठी समोरून दोन बाजूंनी, 45 अंशांवरून दिवे, एक उबदार आणि एक किंचित थंड. अमेरिकेत येल विद्यापीठात शिकवणाऱ्या मॅककँडलेस यांनी 1932च्या पुस्तकात सांगितलेली ही पद्धत अजून मोडीत निघालेली नाही. रंग मागच्या दिव्यांत खेळवावा, चेहऱ्यावर नको. हिरव्या उजेडात माणूस आजारी दिसतो. आणि बोटांना न हलण्याची सवय हवी. उजेडाने प्रत्येक मात्रा मोजली, तर समेला वेगळे सांगायला त्याच्याकडे काही उरत नाही.

सर्वांत स्वस्त सुधारणा मात्र खुर्चीच्या जागेची आहे. लाइटवाल्याला बहुधा मंडपाच्या मागच्या टोकाला बसवतात, तारा दिसू नयेत म्हणून. आवाज सेकंदाला सुमारे 340 मीटर जातो. म्हणजे 34 मीटर मागे बसलेल्याला संबळ 0.1 सेकंद उशिरा ऐकू येतो, आणि त्या अंतरावरून वादकाची मान वळलेली दिसतही नाही. त्याने कितीही अचूक अंदाज बांधला, तरी तो उशिराच्या समेचा असतो. खुर्ची मंचाच्या कडेला, संबळवाल्याचे हात दिसतील अशी टाकली, की हा सगळा तोटा भरून निघतो. दिवटीवाला वादकांच्या शेजारी उभा राहतो, त्या जागेचे गणित हे असे पक्के आहे.

डीएमएक्सचा पाटा एखाद्या हुशार पोराला दोन दुपारींत येतो. समेची चाहूल लागायला फार रात्री जाव्या लागतात, आणि ती शिकवणारी पुस्तिका दिव्याच्या खोक्यात मिळत नाही. पण बोरीच्या आसपास लाइट शिकणाऱ्याला त्यासाठी पुण्या-मुंबईला जायची गरज नाही. गोंधळ जाणणारी माणसे याच जिल्ह्यात आहेत. त्यांच्या दिवटीला तेल घालण्याचे काम त्याने मागून घ्यावे. पहिली सम चुकेल तेव्हा संबळवाला त्याच्याकडे बघेल, आणि शिकवणी सुरू होईल.